सुभेदार शोधू नका, माणूस शोधा

(वरोर, ता. डहाणू, जि. पालघर इथं तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच छापलं आहे.)



तुम्ही सकाळच्या गाडीनं मुंबईहून निघालात, वाणगावला उतरलात, रिक्षात एकमेकांच्या मांडीवर बसून इथवर आलात. आता भाषण लांबवलं तर तुम्ही मला समुद्रात बुडवाल, आणि समुद्र इथनं लांब नाही. तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

आधी हात वर करा. ज्यांच्या घरी सांगतात, आपला पणजा नाहीतर खापरपणजा मिलिटरीत होता, त्यांनी. बघा, अर्धा मांडव भरला. आता त्यातले ज्यांचे सुभेदार होते त्यांनी हात तसेच ठेवा. एकाचाही हात खाली आला नाही! साला, अख्ख्या पलटणीत नुसते सुभेदार. मग बंदूक कोण उचलत होतं? आणि बंदुकीच्या पेट्या कोण वाहत होतं?

हसू नका. माझ्या घरातही एक सुभेदार होता. त्याचीच गोष्ट सांगायला उभा आहे.

माझ्या आजीची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात बाबासाहेबांचा फोटो, लग्नातलं जुनेर आणि एक बिल्ला. एका बाजूला पंचम जॉर्जचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नागडा माणूस आणि १९१४, १९१८ हे आकडे. आजी म्हणायची, ‘‘आमचं मामंजी सुभेदार व्हतं. बसऱ्याला गेलं व्हतं. तोफ डागायचं.’’ बसऱ्याहून त्यानं काय आणलं? तर खजूर. अख्ख्या महायुद्धातनं आमच्या घरात एवढंच आलं, खजुराची गोष्ट आणि हा बिल्ला. दर १४ एप्रिलला आजी तो चिंचेनं घासायची, लखलखीत करायची आणि फोटोखाली ठेवायची.

मी चळवळीत आलो, भाषणं करायला लागलो, तेव्हा मीही ठोकून द्यायचो. आम्ही सुभेदाराच्या रक्ताचे! टाळ्या पडायच्या.

पुढं एका जाणत्या माणसानं तो बिल्ला हातात घेतला. त्यानं राजाकडं बघितलं नाही, घोड्याकडं बघितलं नाही. बिल्ल्याची कड बघितली. म्हणाला, ‘‘या मेडलच्या कडेवर नाव असतं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण.’’ तोवर आम्हाला कुणालाच ते ठाऊक नव्हतं. चिंचेनं घासून घासून अर्धी अक्षरं गेली होती. त्यानं पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासली. अक्षरं उठली. आकडा आला. मग एक इंग्रजी शब्द आला. तो वाचून मी गप्प झालो.

शब्द होता ‘कुली’.

पुढं पणज्याचं नाव, त्याच्या शेवटी ‘नाक’. आणि त्यापुढं लेबर कोअर. तो जाणता म्हणाला, ‘‘हे चिंचेनं उजळतंय तेव्हाच कळायला पाहिजे होतं. हे चांदीचं नाही. लढणाऱ्या शिपायाला हेच मेडल चांदीचं. मजूर तुकड्यांतल्या माणसाला ब्राँझचं.’’ म्हणजे मेल्यावरही, जिंकल्यावरही, धातू वेगळा. गावात पाणवठा वेगळा आणि लढाईत मेडल वेगळं.

खरं सांगतो, त्या रात्री मला लाज वाटली. सुभेदार गेला आणि कुली हातात आला. दुसऱ्या दिवशी मला त्या लाजेची लाज वाटली. ज्यानं बसऱ्याच्या उन्हात गोदीवर पाठ मोडली, तो माझा पणजा. त्याची मला लाज वाटते? मग मी आणि गावचा पाटील यांत फरक काय राहिला?

दोस्तहो, आकडा ऐका. १९१४ ते १९१९ या काळात हिंदुस्थानातनं जी भरती झाली, तिच्यात लढाऊ माणसं ८,७७,०६८ आणि बिगर-लढाऊ ५,६३,३६९. म्हणजे दर पाचांत दोन माणसं ओझी वाहणारी, खंदक खणणारी, खेचरं हाकणारी, पाणी भरणारी, संडास साफ करणारी. ती कुणाच्या घरची होती हे मी सांगायला पाहिजे का? आणि तरी आपल्या घराघरात नुसते सुभेदार! मग ही पाच लाख त्रेसष्ट हजार माणसं गेली कुठं? त्यांना आपणच पेटीत कोंडून ठेवलंय.

आता कुणी म्हणेल, हा आपल्या शौर्याचा इतिहास पुसायला आलाय. नाही बाबांनो. कोरेगावचा स्तंभ मी पाहिलाय. १ जानेवारी १८१८ ला जे पडले त्यांची नावं दगडात आहेत. सोमनाक कमलनाक, रायनाक येसनाक, अशी ‘नाक’वाली २२ नावं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभासमोर उभे राहिले. ते काही खोटं नाही. मुंबई इलाख्याच्या फौजेत आपला माणूस पिढ्यान् पिढ्या होता. जुन्या लष्करी कागदांत त्याला ‘परवारी’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पण इंग्रजानं आपल्यावर दया केली असंही समजू नका. त्याला माणसं पाहिजे होती तोवर घेतली. १८९२-९३ च्या सुमारास त्यानं ठरवलं की काही जाती लढवय्या आणि काही नाहीत. महारांची भरती बंद! ज्यांच्या आज्यांची नावं त्यानंच दगडात कोरली त्यांना सांगितलं, तुम्ही लढणारे नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी विलायतेला अर्ज पाठवला. दार बंदच. मग महायुद्धात माणसं कमी पडली तशी १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली. लढाई संपली, १९२१ साली मोडली. पुन्हा दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत बसून जोर लावला आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. गरज सरो, वैद्य मरो. पुन्हा गरज पडो, वैद्याला उकरून काढो!

मग या फौजेनं आपल्याला दिलं काय? बंदूक? बंदूक तर निवृत्तीच्या दिवशी काढून घेतात. दोन गोष्टी दिल्या. एक अक्षर, दुसरी पेन्शन.

पेन्शन म्हणजे काय हे आज तुम्हाला कळणार नाही. महारकीचं वतन काय होतं ते आठवा. रात्री-अपरात्री हाळी आली की धावायचं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळायचं, मढ्याची खबर घेऊन गावोगाव जायचं आणि सुगीला खळ्यावर हात पसरायचा. पाटलाची मर्जी असेल तर बलुतं. नसेल तर उपास. अशा घरात एक म्हातारा फौजेतनं परत येतो आणि त्याला सरकारी खजिन्यातनं पैसे मिळतात. पाटलाच्या ओसरीवरनं नाही. मोजून मिळतात, अंगठा किंवा सही घेऊन मिळतात. त्यासाठी कुणाला जोहार घालावा लागत नाही. आपल्या घरात न मागता आलेला तो पहिला पैसा होता.

आणि तो पैसा काय करतो बघा. दापोलीला कॅम्पात पेन्शनर महारांची वस्ती होती. वलंगकर १८८६ साली फौजेतनं निवृत्त झाले, दापोलीला आले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. गावकीचं बलुतं खाणाऱ्या माणसाला ते लिहून गावात राहता आलं असतं? १८९५ साली ते महाडच्या लोकल बोर्डावर गेले, तेव्हा सवर्णांना त्यांच्याशेजारी बसवेना. सुभेदार रामजी सकपाळ फौजेच्या शाळेत हेडमास्तर होते. निवृत्तीनंतर तेही आधी दापोलीत राहिले, मग साताऱ्यात. पुढचं तुम्हाला सांगायला नको. तेव्हा फौजेतल्या पूर्वजाकडं बघताना त्याच्या तलवारीकडं बघू नका. त्याच्या पाटीकडं आणि पेन्शनीकडं बघा. आपला विद्रोह तिथनं निघालाय.

माझ्या पणज्याला पेन्शन नव्हती. आमच्या घरात तिचा एकही कागद नाही. तो बसऱ्याहून आला आणि पुन्हा गावकीला जुंपला गेला. पेन्शनवाला आणि बिनपेन्शनवाला, दोघं एकाच जातीचे, पण एकाच्या नातवाला शाळा मिळाली आणि दुसऱ्याच्या नातवाला वेठ. हाही आपलाच इतिहास आहे. तो कुठल्या स्तंभावर नाही.

आता काम. कसं शोधायचं? लिहून घ्या, सांगितलेलं रेल्वेत विसराल.

पहिलं, घर. पेटी, फळी, देव्हाऱ्याचा जुना कोनाडा, आईच्या साडीची घडी. मेडल असेल तर घासू नका! कड बघा. पेन्सिलीनं छाप घ्या. दुसऱ्या महायुद्धातलं डिस्चार्ज बुक असेल तर त्यात नंबर असतो. तो नंबर म्हणजे किल्ली. एका नावाची पन्नास माणसं निघतील. नंबर दिला तर रेकॉर्डवाल्याला टाळता येत नाही.

दुसरं, नाव. इथंच सगळे अडकतात. तुम्ही आजचं आडनाव घेऊन जाता आणि म्हणता, सापडत नाही. कसं सापडेल? उदाहरण घरचंच घ्या. बाप कागदावर रामजी मालोजी सकपाळ. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत पोराचं नाव पडतं भिवा रामजी आंबेडकर. बाप-लेकाची आडनावं दोन. कुणी ‘आंबेडकर’ म्हणून फौजेचे कागद चाळत बसला तर बाबासाहेबांचा बाप सापडणार नाही. मग तुमचा-माझा कसा सापडेल? तेव्हा गावावरनं पडलेलं आडनाव, जुनं कुळीचं आडनाव आणि नुसतं ‘नाक’वालं नाव, तिन्ही लिहून घ्या. गोऱ्या कारकुनानं इंग्रजीत स्पेलिंगची काय माती केली असेल तीही धरा. आणि जातीच्या जागी ‘परवारी’ दिसलं तर पान उलटू नका. तो आपलाच माणूस.

तिसरं, पलटण. देशी शिपायाच्या नोकरीचा कागद, ज्याला शीट रोल म्हणतात, तो पलटणीकडं राहायचा. त्यात बापाचं नाव, जात, गाव, तालुका, उंची, अंगावरची खूण, सगळं असतं. ज्याचा फोटो कधी निघाला नाही अशा माणसाच्या भुवईवरचा व्रण त्या कागदात सापडतो. लंडनच्या लायब्ररीत सगळं मिळतं असं कुणी सांगेल. तिथं इंडिया ऑफिसचे कागद आहेत खरे, पण साध्या देशी शिपायाची फाईल तिथं मिळेल अशी आशा धरू नका. फाळणीत पलटणी वाटल्या गेल्या तसे कागदही वाटले गेले. १९४१ नंतरचा महार रेजिमेंटचा माणूस असेल तर मध्य प्रदेशात सागरला रेजिमेंटचं केंद्र आहे, तिथल्या अभिलेख कार्यालयाला लिहा. पेन्शनीचा माणूस असेल तर पी.पी.ओ. म्हणजे पेन्शन आदेशाचा नंबर शोधा. लष्कराच्या पेन्शनीचा हिशेब अलाहाबादेत, आताच्या प्रयागराजला, ठेवला जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आणि एक ध्यानात ठेवा. दुसऱ्या महायुद्धात भरती झालेल्या हजारोंना लढाई संपल्यावर थोडी रक्कम हातावर ठेवून घरी पाठवलं. पेन्शन बसायला लागतात तेवढी वर्षं त्यांची भरलीच नव्हती. तेव्हा पेन्शनचा कागद नाही म्हणजे माणूस फौजेत नव्हता, असं होत नाही.

चौथं, मेलेले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या याद्यांत नाव फुकट शोधता येतं. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. आपला भाग १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, तेव्हा ‘ठाणा’ म्हणून शोधा, पालघर म्हणून नको. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर माणसांची आठवण आहे. पण गोऱ्यांची नावं कोरली आणि देशी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. २०२१ साली त्या कमिशनच्या समितीनं स्वतः अहवालात कबूल केलं की मेलेल्यांत भेद झाला. शंभर वर्षांनी कबूल केलं! आपल्या गावकीनं अजून केलेलं नाही. कोळीवाड्यातली पोरंही इथं बसलीत. तुमच्यातला कुणी बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि परतला नसेल, तर मुंबईला मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होममध्ये दर्यात मेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. जाऊन बघा.

पाचवं, गाव. पुष्कळ गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक छोटी फरशी सापडते. या गावातनं इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यातली इतकी मेली. नाव एकाचंही नाही. तो आकडा टिपा आणि नावं म्हाताऱ्यांना विचारा. मग तालुक्याला जा. शाळेचं जनरल रजिस्टर आणि कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, त्यात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी जातीसकट असतात. मोडी वाचणारा माणूस बरोबर घ्या. नाहीतर कागद समोर असून तुम्ही आंधळे.

माझा पणजा मला फौजेच्या कागदात पुढं कुठंच मिळाला नाही. बिल्ल्याची कड, तेवढीच. मिळाला तो कोतवाल बुकात. त्याचीही गोष्ट आहे.

माझ्या भावाच्या पोरीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. व्हॅलिडिटी पाहिजे. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद मागतात, आदिवासी भावांना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. भावाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’. बापाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’. आज्याला शाळाच नाही. १९५६ साली ज्या शब्दाला आपण लाथ मारली तोच शब्द हुडकत आम्ही महिनाभर कचेऱ्या झिजवल्या. खिडकीमागचा माणूस म्हणाला, ‘‘जुनं काही असेल तर आणा.’’ जुनं काय आणू? वाड्याच्या कडीपाटात पोथ्या ठेवलेल्यांच्या घरी जुनं असतं. आमच्या घरात जुनं म्हणजे भूक.

तेव्हा बिल्ल्यावरचं ते ‘नाक’वालं नाव उपयोगी पडलं. कारण तोवर आम्ही पणज्याला त्याच्या लाडक्या नावानं शोधत होतो. कागदावरचं खरं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. ते नाव घेऊन मोडी वाचणाऱ्या एका म्हाताऱ्या गुरुजींना बरोबर नेलं. तीन दिवस धूळ खाल्ली. चौथ्या दिवशी गुरुजींनी एका ओळीवर बोट ठेवलं. पणज्याचं नाव. गाव. जात. पण ती नोंद त्याची नव्हती. त्याच्या पोरीची होती. वय वर्षं तीन, ताप, मयत. अशी एक पोरगी होती हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आजीनं कधी सांगितलं नाही. तिलाही कुणी सांगितलं नसेल.

त्या तीन वर्षांच्या पोरीच्या मरणाच्या ओळीवर आज माझ्या पुतणीची व्हॅलिडिटी उभी आहे.

म्हणून सांगतो, फौजेच्या कागदात सुभेदार शोधायला जाऊ नका. माणूस शोधायला जा. जे निघेल ते घ्या. कुली निघाला तर कुली म्हणा, भिस्ती निघाला तर भिस्ती. आणि शोधताना बायांना विसरू नका. फॅमिली पेन्शनचे कागद निघाले तर त्यात विधवेचं नाव असतं. कित्येक घरांत पणजीचं नाव त्या एका कागदावरच उरलंय. पेन्शनरांच्या घराचा इतिहास सांगता आणि खजिन्यासमोर अंगठा द्यायला उभी राहिलेली बाई सांगत नाही, हे चालणार नाही.

हे काम आजच का? बाहेर बघा. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तुम्ही विरोधात असा नाहीतर बाजूनं, कुठंही मोजणी आली की पहिला सवाल एकच असतो, कागद आहे का? ज्याच्याकडं कागद तो मालक. ज्याच्याकडं नाही तो अडथळा. आपल्या बापजाद्यांनी या मातीत घाम गाळला हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण घामाची पोच कुणी दिली नाही.

पंजाबात पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं गावोगावच्या शिपायांची रजिस्टरं केली. लाहोरच्या म्युझियममध्ये ती शंभर वर्षं पडून होती. २०२१ साली तिथल्या सुमारे ३,२०,००० नोंदी लोकांसमोर यायला लागल्या. लोकांना आपले पणजे सापडायला लागले. आपल्यासाठी असं रजिस्टर सरकार करील म्हणून वाट बघायची? आपण करू. एक वही. गावाचं नाव, माणसाचं नाव, आडनावं तिन्ही, नंबर, पलटण, काम काय होतं, पेन्शन होती की नव्हती, बायकोचं नाव, मुलं किती, त्यातली गेली किती. खोटा हुद्दा लिहायचा नाही. माहीत नसेल तर जागा कोरी सोडायची. कोरी जागाही पुरावा असतो.

पुढच्या वेळी येताना प्रत्येकानं एक कागद आणायचा. कागद नसेल तर एक नाव. मी माझ्या पणज्याचं नाव आज इथं मुद्दाम घेतलेलं नाही. वहीच्या पहिल्या पानावर लिहीन, हुद्द्यासकट. आणि त्याच्याखाली त्या पोरीची एक ओळ. कोतवाल बुकात तिचं नाव लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती, नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय. आम्हीही तसंच लिहू.

आणि तो बिल्ला अजून फोटोखालीच आहे. फक्त आता आम्ही तो चिंचेनं घासत नाही.

जय भीम.